अक्काच्या परीक्षेचा उन्हाळा

पंगुनी, म्हणजे इकडचा फाल्गुन-चैत्र, लागली की तंजावरात भिंती सकाळपासूनच तापायला लागतात. कालव्यांतलं पाणी आटतं आणि तळाचा गाळ भेगाळतो. कापणी होऊन गेलेल्या शेतांत उडदाच्या शेंगा वाळत पडलेल्या असतात. करंजाची फुलं रस्त्यावर लाह्यांसारखी सांडतात, कडुनिंब मोहरतो, आणि त्याचा तो कडवट-गोड वास घराघरांत शिरतो. लोकांना तो वास आवडतो. मी मात्र खिडकी लावून घेतो.

परवा हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "राव, परीक्षा तोंडावर आलीय. पोरं गणिताला घाबरतात. त्यांना थोर गणितज्ञांच्या चार गोष्टी सांगा. हलकं वाटेल त्यांना."

मी मान हलवली. तीस वर्षांपूर्वी ह्याच शाळेत माझे वडील गणित शिकवत आणि नेमकं हेच करत. वर्गात जागा पुरेना, म्हणून संध्याकाळी मुलं आमच्या घरी येत आणि पुढच्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या त्या उंच ओट्यावर, दाटीवाटीने बसत. अप्पा खांबाला टेकून बसत. आमची घरची मराठी जुनी, तिला कावेरीकाठची तमिळ चाल. मुलांमध्ये निम्मी तमिळ. अप्पा एक वाक्य मराठीत बोलत, दुसरं तमिळमध्ये, आणि गणित आलं की इंग्रजीत. कुणालाही काही अडत नसे.

अप्पा नावं सांगत नसत. "नाव पाठ केलें की माणूस विसरतो," असं ते म्हणत. म्हणून त्यांचे गणितज्ञ नुसते 'तो' असत. तो गवंड्याचा मुलगा, ज्याच्या मास्तरांनी वर्गाला गुंतवून ठेवायला एकपासून शंभरपर्यंतची बेरीज घातली होती. सगळी मुलं पाट्या घासत बसली आणि ह्याने लगेच पाटी पालथी घातली. एक आणि शंभर, दोन आणि नव्व्याण्णव, तीन आणि अठ्ठ्याण्णव. प्रत्येक जोडी एकशे एकची आणि अशा जोड्या पन्नास. पाच हजार पन्नास! मुलं टाळ्या वाजवत. किंवा तो म्हातारा, जो न्हाणीच्या पाण्यात उतरला, पाणी काठावरून सांडलं, आणि राजाच्या मुकुटात भेसळ आहे की नाही हे कसं ओळखायचं ते त्याला कळलं. तो तसाच ओला रस्त्यावर धावला. मुलं हसून लोळत.

दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यापासून जरा मागे, माझी थोरली बहीण बसलेली असे. तुळजा तिचं नाव. मी अक्का म्हणे. मुलं हसून संपली की आतून तिचा आवाज येई.

"पुढें काय झालें, अप्पा?"

"पुढचें परीक्षेत विचारत नाहीत," अप्पा म्हणत आणि दुसरी गोष्ट सुरू करत.

अक्काला पुढचं ठाऊक असे. अप्पांच्या कपाटातली जाडी इंग्रजी पुस्तकं तिने वाचली होती. मुलं गेल्यावर ती मला सांगे. तो न्हाणीतला म्हातारा पुढे शत्रूचं सैन्य शहरात शिरलं तेव्हा वाळूत वर्तुळं काढत बसला होता. एका शिपायाने त्याला तिथेच मारलं. फ्रान्समधला एक विशीतला मुलगा द्वंद्वाला जायच्या आदल्या दिवशी, उद्या आपण नसू हे ओळखून, डोक्यातलं गणित घाईघाईने लिहीत सुटला. दुसऱ्या दिवशी पोटात गोळी लागली. समुद्रकाठच्या एका जुन्या शहरात एक बाई मुलांना भूमिती शिकवत असे. तिला जमावाने रथातून ओढून काढून ठार केलं. ही शेवटची गोष्ट अप्पांनी तिण्णैवर कधीच सांगितली नाही, पहिली अर्धीसुद्धा नाही. अक्का ती मला पुन्हा पुन्हा सांगे.

"तुला का आवडते गं ती?"

"आवडत नाही रे, रामू. पण एक बाई होती, हें तरी कळतें."

अक्काचं लग्न ती नऊ वर्षांची असताना तिरुवैयारूच्या घरात झालं. नवरा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्याबद्दल तिला एवढंच आठवे की लग्नात त्याला झोप अनावर झाली होती आणि होमाजवळ तो पेंगत होता. वर्ष पुरं व्हायच्या आत कॉलऱ्याने तो गेला. अक्का सासरी नांदायला गेलीच नव्हती; ती इथेच होती, आणि इथेच विधवा झाली. कुंकू पुसलं, बांगड्या गेल्या. दारातलं कोलम काढायला तिला मनाई झाली, कारण विधवेच्या हातची रांगोळी दारात चालत नाही.

मग ती पाटीवर कोलम काढी. ठिपक्यांच्या ओळी: एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक. एका दुपारी ती पाटी घेऊन अप्पांकडे आली.

"अप्पा, हे बघा. वरून सातापर्यंत मिळून सोळा. खालचे नऊ. सोळा म्हणजे चाराचा वर्ग, नऊ म्हणजे तिनाचा, आणि सगळे मिळून पंचवीस, पाचाचा. तो काटकोनाचा नियम तुम्ही सांगतां, तो आईच्या कोलमात बसला आहे."

अप्पांनी बोट ठेवून ठिपके पुन्हा मोजले. मला वाटतं, अक्काला मॅट्रिकला बसवायचं त्यांनी त्याच दुपारी ठरवलं.

त्यामागे त्यांचं स्वतःचं आयुष्यही होतं. तंजावरचं मराठ्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेव्हा आमच्यासारखी राजवाड्याच्या आश्रयाने जगणारी घरं एकदम उघडी पडली. आजोबांना बंद पडलेल्या कचेरीची मोडी लिहिता येत होती, दुसरं काही नाही. अप्पा ओरत्तनाडूच्या अन्नछत्रात धर्माचं जेवून शिकले, इंग्रजी आणि गणिताच्या बळावर मास्तर झाले. माणसाला परीक्षा वाचवते, ह्यावर त्यांचा देवावर बसावा तसा विश्वास बसला होता. मुलगी परीक्षा देईल, मद्रासला जाऊन शिक्षिका होईल, आणि मग तिला कुणाच्या दारात तोंड लपवून बसावं लागणार नाही, असं ते म्हणत.

थोरल्या काकांना हे मान्य नव्हतं. आम्ही त्यांना तमिळ रिवाजाने पेरिअप्पा म्हणत असू. ते पलीकडच्या गल्लीत राहत, राजवाड्याच्या देवळांची व्यवस्था पाहत, आणि घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. अक्का मोठी झाली तरी तिचे केस तसेच होते. आमच्यात विधवा मुलगी वयात आली की न्हावी बोलावून केशवपन करत. अप्पा दर वर्षी काही तरी सांगून ते पुढे ढकलत. त्या वर्षी पेरिअप्पा तिण्णैवर येऊन स्पष्टच बोलले.

"लोक मला विचारतात. मी काय सांगूं?"

"परीक्षा होऊ दे, दादा. पास झाली की ती मद्रासला जाईल. तिथे तिला कोणी विचारणार नाही."

"आणि नाही झाली?"

अप्पा हसले. आपल्या मुलीचं गणित त्यांना ठाऊक होतं. "नाही झाली तर तुम्ही म्हणाल तसें."

आई आत ताक घुसळत होती. रवीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती ह्या बोलण्यांत कधी नसे. मोठ्या दिरांसमोर तिने तोंड उघडल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या साली मीही परीक्षेला बसणार होतो. मी शाळेतून, अक्का घरी शिकून. खरं म्हणजे मला तीच शिकवी. एकाला साताने भागायला लावून तिने मला एक गंमत दाखवली होती: एक, चार, दोन, आठ, पाच, सात, आणि पुन्हा तेच. ह्या सहा आकड्यांच्या संख्येला दोनाने गुण, तिनाने गुण, सहापर्यंत कशानेही गुण, तेच सहा आकडे नुसती जागा बदलून येतात, जशा मुली फुगडीत फेर धरतात. "आणि साताने गुणलें तर?" मी विचारलं. "करून बघ," ती म्हणाली. मी केलं. सगळे नऊ आले. अक्का इतकी हसली की आईने आतून विचारलं, काय झालं म्हणून. त्या हसण्यासाठी मी आणखी शंभर गुणाकार केले असते.

देवीची साथ आधी कालव्यापलीकडच्या गावांत आली. मग एकेका दारावर कडुनिंबाचे डहाळे दिसायला लागले. ज्या घरावर डहाळा, तिथे अम्मन, म्हणजे देवी, उतरलेली. तिथे कुणी जायचं नाही. अप्पांनी तिण्णैवरच्या मुलांना त्या दिवशी एका स्विस गणितज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने देवीच्या रोगाचाच हिशेब मांडला होता: माणसांना आधीच टोचून घेतलं तर किती जगतील, न घेतलं तर किती मरतील. "रोगाला मंत्र कळत नाहीत, पण गणित कळतें," अप्पा म्हणाले. आम्हां दोघांना त्यांनी तान्हेपणीच टोचून घेतलं होतं. ते निश्चिंत होते. त्या टोचण्याचा जोर वर्षांनी ओसरतो आणि पुन्हा टोचून घ्यावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वाट्याला काही आलं नाही. अक्का एका संध्याकाळी त्रिकोणमिती करताना म्हणाली, "पाठ फार दुखते," आणि पाटी बाजूला ठेवून जमिनीवर आडवी झाली.

आमच्या दारावर डहाळा लागला. तिण्णै ओस पडली. घरात फोडणी बंद, तळण बंद. अक्काला केळीच्या पानावर निजवलं होतं, अंगाला कापड सहन होत नव्हतं. आई कडुनिंबाच्या डहाळीने तिला वारा घाली. अंगावरच्या फोडांचा आणि त्या पाल्याचा वास एकमेकांत असा मिसळला की मला आजही ते वेगळे करता येत नाहीत. तापात अक्का आकडे म्हणे. एक, चार, दोन, आठ. मग थांबे, चाचपडे, पुन्हा पहिल्यापासून. आई तिच्या ओठांत शहाळ्याचं पाणी सोडी आणि अम्मनला हात जोडी. अप्पा दारात उभे असत. पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनला कधी नवस न केलेले अप्पा एका पहाटे पायी तिकडे जाऊन आले. 

अक्का वाचली. हळद-पाल्याच्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं, तेव्हा शेजारणी दारापर्यंत येऊन म्हणाल्या, अम्मन सुखरूप परत गेली. खपल्या पडल्या. चेहरा सगळा खणून निघाल्यासारखा झाला होता. पण अक्काने आरसा मागितला नाही. तिने मला हाक मारली.

"रामू, सकाळ झाली कां?"

ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं.

दोन्ही डोळ्यांत फुलं पडली होती. मिशनच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिवा डोळ्यांजवळ नेला, बाजूला घेतला आणि अप्पांना बाहेर नेऊन सांगितलं की आता काही करता येणार नाही.

त्या संध्याकाळी अप्पा तिच्याजवळ येऊन बसले.  मग त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. एक मोठा गणितज्ञ होता. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. पण त्याने गणित सोडलं नाही. लांबलचक हिशेब तो मनात करी आणि मुलांना, शिष्यांना तोंडाने सांगे. आंधळा झाल्यावर त्याने जेवढं काम केलं तेवढं डोळसांनी केलं नाही. ह्या खेपेला अप्पा मध्येच थांबले नाहीत. तो म्हातारा झाला, एके दिवशी नातवाशी खेळता खेळता त्याच्या हातातली चिलीम खाली पडली आणि तो गेला, इथपर्यंत त्यांनी सांगितलं.

अक्काने विचारलं, "पुरा आंधळा झाला तेव्हां वय काय होतें त्याचें?"

"साठीच्या घरांत."

"मला सोळा आहेत, अप्पा."

अप्पांनी तिचा हात धरला. "तूं सांग. मी लिहून घेईन. जन्मभर लिहून घेईन."

परीक्षेचा दिवस आला तेव्हा अक्काला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. तरी अप्पांनी बैलगाडी सांगितली. गणिताचा पेपर होता. शाळेच्या आवारात शेकडो मुलं, पण आमची गाडी आत आली तशी सगळी बाजूला सरली. अक्काने पदर चेहऱ्यावर ओढून घेतला होता. परीक्षेवर देखरेख करणारे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी अप्पांना बसायला खुर्ची दिली. अप्पा बसले नाहीत.

"मुलगी उत्तरं सांगेल. तुमचा कोणीही माणूस लिहून घेऊं दे. मी आवाराबाहेर थांबतो."

"असा नियम नाही, मास्तर."

"म्हणजे मनाई आहे?"

"मनाई असा शब्दही नाही. असं कधी झालंच नाही, तर नियम कुठून असणार?" ते खरोखरच ओशाळले होते. "मला वाईट वाटतं. पण माझ्या हातात नाही."

मी आत जाऊन पेपर सोडवला. काय लिहिलं ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा दोघं करंजाखाली बसली होती, अक्काच्या डोक्यावर आणि खांद्यांवर ती पांढरी-गुलाबी फुलं पडली होती. अप्पा मला पाहताच उठले.

"प्रश्न वाच," ते म्हणाले. "तिला सोडवूं दे. लोकांना कळूं दे."

मी पहिला प्रश्न वाचला. सोपं समीकरण होतं. असली समीकरणं अक्का मला शिकवताना अर्ध्यातच सोडवून मोकळी होई. ती गप्प राहिली.

"पुन्हां वाच."

मी पुन्हा वाचलं. तिचे ओठ हलले. अप्पा वाकून तिच्या ओठांकडे बघत होते.

"पुन्हां."

मी तिसऱ्यांदा वाचलं. आजूबाजूला मुलं जमली होती. अक्काच्या कपाळावर, त्या खड्ड्याखड्ड्यांच्या कातडीवर, घाम डवरला.

"अप्पा, आकडे थांबत नाहीत," ती म्हणाली. "एकाला धरतें तोवर दुसरा जातो. पूर्वी थांबत."

"दमली आहेस. जरा पाणी पी. रामू, दुसरा प्रश्न..."

"नको, अप्पा." तिने हात पुढे केला, अप्पांचा खांदा शोधला. "घरी चला."

ताप काय काय घेऊन गेला होता, ते डॉक्टरांना दिव्याने दिसलं नव्हतं.  परतताना राजवाड्याचा मनोरा आला आणि गेला. अप्पा उन्हात डोळे मिटून बसले होते, आणि पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले.

मी पास झालो. त्यानंतर तिण्णैवर मुलं पुन्हा येऊ लागली, पण अप्पा त्यांना फक्त उदाहरणं घालत. एखाद्याने गोष्ट मागितली तर म्हणत, "पुस्तकात आहेत." ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पेरिअप्पाही गेले. त्यांच्या घरचं कुणी त्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडे पानावर बसलं नाही, आम्हांला बोलावलं नाही. अप्पांच्या अंत्ययात्रेला ते लोक आले पण लांब उभे राहिले. अक्का आहे. आत्ताही आत शेंगा सोलत बसली आहे. डोळ्यांनी बघावं तशी ती बोटांनी किडका दाणा ओळखते. घरात मी गणित काढत नाही, तीही काढत नाही. काल मी वर्गात गोष्टी सांगितल्या. मुलं हसली, टाळ्या वाजल्या. अप्पा थांबत तिथेच मीही थांबलो, आणि अर्ध्या गोष्टी सांगणारा माणूस खोटारडा नसतो, त्याला समोरची मुलं दिसत असतात, हे मला तेव्हा कळलं.

पेरिअप्पांचं घर का तुटलं, ते सांगायचं राहिलं.

परीक्षा होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळची वेळ. अप्पा तिण्णैवर होते, मी आतल्या चौकात. पेरिअप्पा आले. त्यांच्यामागे न्हावी होता, काखेत पेटी धरून, मान खाली घालून. रस्त्यापलीकडच्या तिण्णैवर दोन शेजारी मुद्दाम बाहेर येऊन बसले.

"शब्द तूं दिला होतास," पेरिअप्पा म्हणाले. आवाज चढा नव्हता. त्यांना ह्यात आनंद होता असं मी म्हणणार नाही.

अप्पा उठले. "दादा, पोर अजून आजारी आहे. थोडे दिवस..."

"दर वर्षी थोडे दिवस."

अप्पांनी दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे.  ज्या एका गोष्टीवर त्यांनी सगळं लावलं होतं ती करंजाखाली संपली होती.

आई स्वयंपाकघरातून आली. हात तांदळाच्या धुवणाने ओले होते. ती दारात येऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर तसाच, नजर खाली. पण बोलली ती सरळ पेरिअप्पांशी.

"डोळे गेले. तेवढें पुरें. केस राहतील."

 पेरिअप्पा क्षणभर कुणाकडे बघावं ते न कळल्यासारखे झाले. "तुला कोणी विचारलें नाही," ते म्हणाले.

"नाहीच विचारलें," आई म्हणाली. "कधीच नाही."

आणि तिने दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. अप्पा बाहेरच राहिले, आपल्या भावाबरोबर. आडणा, दाराचा तो जड अडसर, तिच्या एकटीने उचलेना, म्हणून मी धावलो. आम्ही दोघांनी मिळून तो लावला. बाहेर पेरिअप्पा काही तरी बोलत होते. मग न्हाव्याच्या पेटीचं झाकण वाजलं आणि पेरिअप्पांच्या चपला दूर गेल्या; न्हावी अनवाणी होता. आईचे हात अजून ओले होते. ते तिने पदराला पुसले.

माजघरात अक्का भिंतीला टेकून बसली होती. आडण्याचा आवाज तिने ऐकला होता.

"कोण आलें होतें गं?"

"कोणी नाही," आई म्हणाली, आणि फणी घेऊन तिच्यामागे बसली. "मान जरा खाली कर."

देवीने पुष्कळ केस गळले होते. जे राहिले होते ते आई हळूहळू, एकेक बट सोडवत, विंचरत राहिली.